पारंबीखालचे सहा ब्लॉक काढू द्या: जुन्या स्टँडसमोरच्या वडासाठी खुलं पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी साहेब आणि वृक्ष प्राधिकरण समितीचे सगळे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

जुन्या स्टँडसमोरच्या वडाबद्दल लिहितेय. त्या वडाच्या बरोब्बर समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, १९ वर्षं झाली, म्हणजे सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्याचं आणि रात्री शटर ओढताना शेवटचंही त्याचंच. याआधी दोनदा अर्ज दिलाय, दोन्हीची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. राग आहे का, तर आहे. पण भांडायला म्हणून लिहिलेलं नाही, माझी एक छोटीशी मागणी आहे, ती शेवटी सांगते, तोवर वाचा एवढीच विनंती.

माझ्या दुकानात दिवसभर कागद येतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचे दाखले, सातबारा, बँकेचे फॉर्म. १९ वर्षं मी या गावाचे पत्ते वाचतेय. त्यात ‘वडाजवळ’, ‘वडासमोर’, ‘वडामागे’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजायचं म्हटलं तर वही पुरणार नाही. सरकारी कार्डावर छापून आलेला पत्ता आहे तो, ‘वडाजवळ, जुना स्टँड’. कंडक्टर अजूनही ‘चला वड, वडवाले उतरा’ असंच ओरडतो, स्टँड तिथून हलून १० वर्षं झाली तरी. नव्या स्टँडला आपण एका थोर माणसाचं नाव दिलं, ते कुणी घेत नाही, आणि वडाला कुणीच नाव दिलं नाही तरी सगळं गाव त्याच्या नावाने चालतं. लग्नपत्रिका कंपोज करताना स्थळाच्या खाली लोक आवर्जून सांगतात, ताई कंसात ‘वडाजवळ’ टाका, नाहीतर पाव्हणे चुकतील.

आपल्याकडे गावाला झाडाचं नाव असणं यात नवल काहीच नाही. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, बाभूळगाव, आंबेगाव, उंबरगाव, मुंबईतलं वडाळा, तिकडे चिंचवड. कवठेमहांकाळच्या नावात कवठ आहे. बडोद्याचं नावसुद्धा वडावरूनच आलंय असं म्हणतात, वटपद्रक. माणसं जिथे सावली मिळाली तिथे टेकली, मग तिथे बाजार भरला, मग चावडी आली, मग देऊळ, आणि गाव झालं. झाड आधीचं आहे, आपण नंतरचे आहोत. माझे आजेसासरे सांगायचे की त्यांच्या लहानपणीही वड एवढाच होता. मागच्या दिवाळीत मी आणि माझ्या मुलीने सुतळी लावून खोडाचा घेर मोजला, रेलिंगच्या आत कसंबसं शिरून, ९ मीटर ४० सेंटिमीटर भरला. तो आकडा मी अर्जात लिहिलाय. तुमच्या दप्तरात या झाडाचं माप आहे का हे मी विचारलं होतं.

आता मूळ विषयावर येते.

सहा वर्षांपूर्वी वडाच्या पाराचं सुशोभीकरण झालं. मी स्वतः त्या उद्घाटनाला पेढे खाल्लेत आणि टाळ्यासुद्धा वाजवल्यात, हे आधीच सांगते, कारण तेव्हा मलाही ते छानच वाटलं होतं. आधीचा पार म्हणजे नुसते दगड रचलेले, चुना-सिमेंट काही नाही, गुडघ्याएवढा उंच, दगडांच्या फटीतून मुळं बाहेर आलेली, मध्ये सगळी माती. पावसाचं पाणी त्या फटींतून आत जायचं. पारावर दुपारी म्हातारी माणसं, एका कोपऱ्यात चांभार, दुसऱ्या कोपऱ्यात पंक्चरवाला, गुरुवारच्या बाजाराला पालेभाजीवाल्या बायका. तो पार जेसीबीने एका दिवसात काढला. नवीन पार आला तो छातीएवढा उंच, आरसीसीचा, वर ग्रॅनाइट, कडेने स्टीलचं रेलिंग. आतली पोकळी भरायला मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा टाकला, म्हणजे खोडाभोवती जवळजवळ तीन फूट भराव. बाहेरच्या बाजूने थेट रस्त्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. एका अंगाने नवीन गटार काढली, तिचा चर खोदताना जेसीबीच्या बकेटने मुळं तोडली, त्यातली काही माझ्या मांडीएवढी जाड होती, मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघत होते. तुटलेल्या जागेतून पांढरा चीक वाहत होता, दुपारपर्यंत तो मातीवर घट्ट होऊन बसला. चालक पोरगा चांगला होता, त्याने थांबून वर विचारलं, साहेब मुळं लागलीत, काय करू. वरून उत्तर आलं, मार लेव्हल. त्या पोराचा काय दोष.

मग पारंब्या. एसटीच्या टपाला घासतात, वायरींना लागतात, पोरं झोके घेतात, अशी कारणं देऊन सगळ्या एका उंचीवर सरळ रेषेत छाटल्या. शाळेत मुलांचे केस कापून रांगेत उभं करतात तसं दिसत होतं. शेवटी लायटिंग. खोडाला गोल गोल एलईडी पट्ट्या, आणि त्या बसाव्यात म्हणून खिळे. मी मोजलेत, हाताला येतील एवढ्या उंचीपर्यंत ११२ खिळे आहेत, त्यात बोर्डाचे, बॅनरचे, क्लासच्या जाहिरातींचे धरून.

तिसऱ्या वर्षापासून फरक दिसायला लागला. गटारीच्या बाजूची पानं लहान यायला लागली, पिवळट, आणि चैत्रात जिथे तांबूस कोवळी पालवी फुटायची तिथे नुसत्या काड्या. शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. भरावाच्या आत जिथे खोड मातीला टेकतं तिथली साल हाताने दाबली तर आत जाते, ओल्या पुठ्ठ्यासारखी, आणि पावसाळ्यात तिथे तपकिरी अळंबी येते, एकावर एक पापड ठेवल्यासारखी. मागच्या वळवात एक मोठी फांदी पडली, खाली लावलेली रिक्षा चेपली, नशिबाने रिक्षात कुणी नव्हतं. आणि आता आठ दिवसांपूर्वी रेलिंगला एक कागद चिकटवलाय, ‘धोकादायक वृक्ष, खाली थांबू नये’. पुढची पायरी काय असते ते आम्हाला माहीत आहे. आधी धोकादायक, मग फांद्यांची छाटणी, मग ‘नागरिकांच्या सुरक्षेसाठी’ पूर्ण झाड.

मला एवढंच म्हणायचंय, झाडावर कुऱ्हाड पडली नाही म्हणजे झाड वाचलं असं नसतं. आपल्या गावात या वडावर कुणी कुऱ्हाड चालवली नाही, उलट कौतुकाने निधी आणला, सजवलं, फोटो काढले, आणि सजवता सजवता त्याचा जीव घेतोय.

मी काही बॉटनीची नाही, बीकॉम झालेय. पण गेली दोन वर्षं जे भेटेल त्याला विचारलं, कृषी महाविद्यालयातल्या सरांना दुकानात बसवून चहा पाजून विचारलं, आणि जे कळलं ते साधं आहे. मुळं श्वास घेतात. आपण समजतो मुळं खोल पाताळात असतात, पण झाडाला पाणी आणि अन्न आणून देणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर लांबपर्यंत गेलेली असतात. त्यावर ब्लॉक दाबून बसवले, खाली रोलर फिरवून खडी ठासली, की पाणी बंद आणि हवाही बंद. खोडाभोवती भराव टाकला की साल सतत ओली राहते आणि कुजते, कारण ती साल उघड्यावर राहण्यासाठी आहे, मातीत गाडून घेण्यासाठी नाही. एका बाजूची जाड मुळं तोडली की झाडाचा त्या बाजूचा आधारच गेला, वारा आला की ते कुठे कलणार हे ठरलेलंच. यातलं काही एका दिवसात दिसत नाही. तीन-चार वर्षं लागतात आणि तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं, अधिकाऱ्यांची बदली झालेली असते आणि मरणाचं कारण म्हणून कागदावर ‘वादळी वारा’ लिहिलं जातं.

आणि पारंब्या. वडाची आडवी फांदी केवढी लांब जाते बघा, चाळीस-पन्नास फूट, एवढं वजन ती एकटी कशी पेलणार? तिला पारंबी लागते. पारंबी जमिनीला टेकली की मुळं धरते, जाड होत जाते आणि काही वर्षांत खांब होऊन फांदीला खालून उचलून धरते. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि मग म्हणायचं की हा पडायला लागलाय, हे आपण केलंय. रिक्षावर पडलेली फांदी कुठली होती ते आठवा. जिच्या सगळ्या पारंब्या छाटल्या होत्या तीच.

भोसेचा वड तुम्हाला आठवत असेल. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातलं भोसे, यल्लम्मा मंदिराजवळचा जवळपास ४०० वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार होता. २०२० साली, कोरोनाच्या त्या भयाण दिवसांत, सांगली-मिरजेची पोरं तिथे जाऊन उभी राहिली, ऑनलाइन सह्या झाल्या, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि केंद्राने महामार्गाच्या आखणीत बदल करायचं मान्य केलं. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग बाजूला सरकला! त्या बातमीची मी रंगीत प्रिंट काढून दुकानात लावली होती. नंतर लॉकडाऊन उठल्यावर मिस्टरांच्या मागे गाडीवर बसून ते झाड बघायला पण गेले. खाली उभं राहिलं की मे महिन्यातसुद्धा अंगावरचा घाम वाळतो. पंढरपूरला जाणारा रस्ता तो, किती पिढ्या वारकऱ्यांनी तिथे पाठ टेकली असेल. मी खोडाला हात लावून आले.

२०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाला तो वड उन्मळून पडला.

त्या दिवशी मी दुकानात रडले, गिऱ्हाईक समोर उभं होतं. वाचवलेलं झाड दोन वर्षांत गेलं. महामार्ग वळवायचा निर्णय मोठाच होता, ज्यांनी तो मिळवला त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि कायम राहील. पण निर्णय झाला की आपल्याकडे विषय संपतो. पत्र निघालं, बातमी आली, फोटो झाला. त्यानंतर त्या म्हाताऱ्या झाडाच्या मुळांशी दररोज कोण जाणार, आधार कुठे द्यायचा, पारंब्या कुठे उतरवायच्या, हे काम कुणाच्या नावावर नसतं. त्याला बजेटमध्ये हेड नाही. रंगीत प्रिंट अजून माझ्या भिंतीवर आहे, काढवत नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्याच कायद्याने तुमची वृक्ष प्राधिकरण समिती बनलेली आहे. त्या कायद्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या वाचा. त्यात झाड कापणं येतं, जाळणं येतं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही येतं. कुठल्याही प्रकारे! म्हणजे ११२ खिळे, जेसीबीने तोडलेली मुळं, मुरमाखाली पुरलेलं खोड हे सगळं कायद्याच्या भाषेत झाड तोडणंच झालं, आणि ते करायला कुणाची परवानगी घेतली होती हे मी दुसऱ्या अर्जात विचारलं होतं. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे वारसा वृक्ष अशी कल्पना त्यात आली, आणि असं झाड तोडलंच तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची अशी तरतूद झाली. चांगली तरतूद आहे, पण मला ते वाचून भीती पण वाटते. आपला वड २०० वर्षांचा धरा. उद्या कुणी म्हणेल २०० रोपं लावली, हिशेब मिटला. कुठे लावणार, डोंगरावर? तिथे कंडक्टर ओरडणार आहे का, चला वड उतरा? त्या २०० रोपांत तांबट घर करणार आहे का? तांबट आपल्या वडावर आहे, उन्हाळ्यात दिवसभर टुक टुक टुक चालू असतं, माझ्या झेरॉक्स मशीनच्या आवाजातही ऐकू येतं. फळं पिकली की हरियाल येतात, आपल्या राज्याचा पक्षी, हिरव्या पानांत हिरवी पाखरं, दिसतच नाहीत, पन्नासेक एकदम उडाली की कळतं अरे एवढी होती. संध्याकाळी वटवाघळं. त्यांच्या तर नावातच वड आहे.

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली आदेश दिला की झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, खिळे, बोर्ड, वायरी काढा. पुण्यात पोरांनी रविवार रविवार फिरून झाडांचे खिळे उपटायची मोहीम केली. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये.

आणि ‘आता काय उपयोग, झाड गेलंच आहे’ असं जे कार्यालयात मला तोंडी सांगितलं गेलं, त्याला उत्तर म्हणून महबूबनगरचं सांगते. तेलंगणातलं महबूबनगर, हैदराबादच्या खाली, तिथे पिल्ललमर्री म्हणून वड आहे, मर्री म्हणजे वड आणि पिल्ल म्हणजे पिल्लं, लेकरांचा वड. ७०० वर्षांचा मानतात, तीन एकरांच्या आसपास पसरलाय, त्या जिल्ह्याची ओळखच ती. २०१७ च्या शेवटी त्याची मोठी फांदी कोसळली, आतून वाळवीने पोखरलेला निघाला. तिथल्या लोकांनी काय केलं? बघायला येणारी गर्दी बंद केली, आणि २०१८ मध्ये झाडाला सलाइन लावलं. खरंच सलाइन, दवाखान्यातल्यासारख्या शेकडो बाटल्या फांद्यांना टांगल्या, त्यात वाळवीचं औषध पातळ करून थेंब थेंब आत सोडलं. झुकलेल्या फांद्यांना खालून आधार दिले. झाड वाचलं. जिल्हा प्रशासनाने आणि वनखात्याने मनावर घेतलं म्हणून वाचलं.

हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला वड तर त्याहून पुढचा. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याला मार बसला, पुढे बुरशीने मूळ खोड कुजत गेलं, आणि १९२५ साली ते मूळ खोडच कापून काढून टाकलं. खोडच नाही! आज १०० वर्षांनंतर ते झाड नुसत्या पारंब्यांवर उभं आहे, तीन हजारांहून जास्त पारंब्या जमिनीत उतरलेल्या, लांबून बघितलं तर जंगल वाटतं, आणि ते एकच झाड आहे. म्हणून मी पारंब्यांसाठी एवढी जीव तोडून बोलतेय. आपल्या वडाचं खोड कुजत असेल, असू दे. वडाला दुसरा जन्म घेता येतो, फक्त त्याला जमिनीपर्यंत पोचू द्यायला हवं.

अजून एक सांगते, हे लांबचं आहे पण माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेत हवाई बेटांवर लहायना नावाचं गाव आहे. तिथे कोर्टासमोर एक वड आहे, १८७३ साली लावलेला, आपल्या भारतातून गेलेलं आठ फुटी रोप होतं ते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या गावाला आग लागली, जवळजवळ सगळं गाव जळून गेलं, शंभराच्या आसपास माणसं गेली. वड पण होरपळला, पानं कोळपून तपकिरी झाली. ज्यांची स्वतःची घरं राहिली नव्हती ती माणसं विचारत होती वड आहे का. मग झाडांची जाणकार माणसं आली, टँकरने पाणी, जमीन भुसभुशीत करून मुळांना हवा, कंपोस्टचं पाणी, असं सगळं केलं आणि सप्टेंबरमध्ये कोवळी पानं फुटली. सगळा भाग काही जगला नाही, बराच कापावा लागला, पण वड आहे. तिथे त्यांनी मुळांची माती मोकळी केली, आणि आपल्याकडे आग नाही, वादळ नाही, काही नाही, आपण आपल्या हाताने माती बंद केली.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. उद्या फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार तुम्हालाच धरणार, मीच धरेन कदाचित. म्हणून मी असं म्हणत नाही की हातच लावू नका. धोका असलेली फांदी उतरवा, पण उतरवताना जाणकार माणूस उभा असू दे, वायरमनच्या कोयत्याने नको. ज्या फांद्यांवर जीव आहे त्यांना लोखंडी आधार द्या. रिक्षा स्टँड समोर सरकवा, रिक्षावाल्यांशी मी बोललेय, त्यांची तयारी आहे, ते पण तिथेच लहानाचे मोठे झालेत. खोडाभोवतीचा भराव हाताने काढायला लागेल, जेसीबीने नाही, मजुरी लागेल. पैसे नाहीत म्हणाल तर बाजारातल्या दुकानदारांनी वर्गणीची तयारी दाखवलीय, यादी माझ्याकडे आहे. एलईडीचं बिल वाचेल ते वेगळंच.

वटपौर्णिमेचं पण सांगते. नवीन पार झाल्यापासून रेलिंगच्या दाराला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे असते ते त्या दिवशी सापडत नाही. तर बायका रेलिंगलाच सूत गुंडाळतात. स्टीलच्या पाइपाला! माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या, मागच्या वर्षी पाइपाला सूत बांधून आल्या आणि घरी येऊन गप्प बसल्या, संध्याकाळी म्हणाल्या, अगं, हात लागला नाही गं त्याला. काही जणी आता बाजारातून तोडलेली फांदी आणून घरीच पूजा करतात, म्हणजे एक वड बघायला मिळत नाही म्हणून दुसरा ओरबाडायचा. ज्या दिवशी सगळं गाव वडाला हात जोडतं त्या दिवशी तरी ते कुलूप उघडं पाहिजे की नको?

आता माझी मागणी. मोठी कामं व्हायला ठराव लागतो, मंजुरी लागते, टेंडर लागतं, हे मला कळतं, ते चालू करा. पण एक काम आहे जे थांबू शकत नाही.

पोलीस चौकीच्या बाजूला, जुन्या पाणपोईच्या वर, एक पारंबी खाली येतेय. सगळ्या छाटल्या तेव्हा ही फुटलेलीच नव्हती, नंतर आली. मी रोज बघते तिला. टोक पिवळसर पांढरं, करंगळीएवढं, हात लावला तर ओलसर लागतं, कोवळ्या भेंडीसारखं. होळीला ती माझ्या डोक्याच्या वर होती, आता कमरेच्या खाली आलीय, जमिनीपासून दोन हात राहिलेत. पण खाली जमीन नाही, ब्लॉक आहेत. तिच्याखालचे फक्त सहा ब्लॉक काढायचेत, खालची खडी काढून दोन फूट खड्डा करून त्यात माती आणि शेणखत भरायचं, आणि मधल्या अंतरासाठी एक बांबू चिरून त्यात माती भरून पारंबी आत सोडायची, की ती मऊ वाटेने खाली जाईल आणि येणारे-जाणारे ओढणार नाहीत. चिरून तारेने बांधला की नंतर सोडवता येतो. ही फांदी पडलेल्या फांदीच्या शेजारचीच आहे, तिला दुसरा आधार नाही.

बांबू आणलाय, दुकानाच्या मागे ठेवलाय. शेणखत सासऱ्यांच्या गोठ्यातलं आहे, दोन पोती. ब्लॉक मी स्वतः काढून नीट रचून तुमच्या गोडाऊनला पोचते करेन, एकही फुटणार नाही. सरकारी मालमत्तेला हात लावला म्हणून उद्या केस नको, म्हणून लेखी परवानगी मागतेय, एका ओळीची पुरेल. मृग लागायला तीन आठवडे आहेत. दुकान सकाळी साडेआठला उघडतं, कुणालाही पाठवा, परवानगीच्या कागदाची झेरॉक्स मी इथेच काढून देते.

आपली नम्र,
वडासमोरच्या झेरॉक्स दुकानवाली